करंज किंवा एरंडेल घालून ‘ग्रीन’ कूलंट होतं का?

प्रश्न थोडक्यात असा: चाकणजवळ छोटं ब्लेंडिंग युनिट आहे, पाण्यात मिसळायचं कटिंग ऑईल, म्हणजे धातू कापताना टूलवर सोडायचं कूलंट, तिथे बनतं. एका मोठ्या ग्राहकाने पत्र पाठवलंय की क्लोरीन, बोरॉन, फॉर्माल्डिहाइड सोडणारं जंतुनाशक आणि डायइथेनॉलअमाइन हे चारही नकोत आणि माल पर्यावरणपूरक हवा. मिनरल ऑईलच्या जागी करंज किंवा एरंडेल तेल घालून हे जमेल का? अ‍ॅडिटिव्ह कोणती निवडायची आणि सुरुवात कुठून करायची?

एरंडापासून तयार होणारे घटक वापरले तर चांगलं कूलंट होतं. करंजाचं किंवा एरंडाचं तेल जसंच्या तसं ओतून होत नाही. अठ्ठावीस वर्षं मी हेच काम करतोय आणि चौथ्या वर्षी नेमकी हीच चूक केली होती, म्हणून आधी ती सांगतो.

करंजाचं तेल, ओलेइक आम्लाचा साबण आणि इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारं द्रव्य) असं साधं मिश्रण केलं होतं. पाण्यात मिसळल्यावर बाटलीत दूध पांढरंशुभ्र. बिडाच्या चिप्सवर गंजाचा ठिपका नाही. स्टीलवर टॅपिंग करून, म्हणजे आटे पाडून, पाहिलं तर मिनरल ऑईलच्या मालापेक्षा टॅप हलका फिरत होता. भोसरीतल्या एका टर्निंग शॉपने ते ३०० लिटरच्या संपमध्ये, म्हणजे मशीनच्या कूलंटच्या टाकीत, भरून घेतलं. पंधरा दिवस मालक खूश होते. पाचव्या आठवड्यात फोन आला. भोसरीत सुट्टी गुरुवारची, त्यामुळे कूलंटचा वास तिथे शुक्रवारी सकाळी उठतो. मी पोचलो तेव्हा पहिली पाळी सुरू व्हायची होती. संपचं झाकण उचललं. वर स्लाइडवे ऑईलचा, म्हणजे मशीनच्या सरकपट्ट्यांवरून गळलेल्या तेलाचा, तपकिरी थर पसरलेला. तो काडीने बाजूला सारला तर खाली राखाडी पाणी आणि सडक्या अंड्यांचा वास. कडेला चिप्सचे गोळे झालेले, त्यांच्यावर पिवळट, मेणासारखा चिकटा. भरताना पीएच ९.२ होता, तो ७.८ वर आला होता. मशीनवरचा मुलगा काही बोलला नाही, त्याने फक्त दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून लाल झाली होती.

ते ३०० लिटर आम्ही उपसून परत आणले. त्यात काय घडलं होतं ते नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. वनस्पती तेल म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. अल्कली असलेल्या कोमट पाण्यात हे जोड (एस्टर) हळूहळू सुटतात. साबण बनवताना कढईत जे तासाभरात होतं, तेच संपमध्ये पाच आठवडे चालू असतं. सुटलेलं मेदाम्ल मालातलं अमाइन (पीएच वर ठेवणारी अल्कली) खातं, म्हणून पीएच उतरतो. पाण्यातला कॅल्शियम त्या आम्लाशी मिळून न विरघळणारा साबण करतो, तोच तो पिवळा चिकटा. आणि उरलेलं ग्लिसरीन जंतूंसाठी तयार जेवण. सुट्टीच्या दिवशी पंप बंद, वरच्या तेलाच्या थरामुळे हवा आत जात नाही, मग हवेशिवाय जगणारे जंतू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. दूध नासावं तसं कूलंट नासतं. करंज निसर्गातून आलं होतं, नायट्राइट नव्हतं, क्लोरीन नव्हतं, लेबलवर लिहायला सगळं छान होतं. पण तीन महिन्यांत तो संप तीनदा उपसावा लागला असता तर पर्यावरणाला काय फायदा झाला असता?

माझं म्हणणं त्या दिवसापासून हेच आहे की पाण्यातल्या वंगणाचा हिरवेपणा संपमध्ये ठरतो आणि कारखान्याच्या गटाराशी मोजला जातो. एक साधा हिशोब मांडा. १००० लिटरचा संप, ५ टक्के मिश्रण, म्हणजे एका भरणीला ५० लिटर कॉन्सन्ट्रेट. दर तीन महिन्यांनी उपसावा लागणारा माल वर्षाला ४००० लिटर घाण पाणी देतो, वर्षभर टिकणारा १००० लिटर. त्या घाण पाण्याचा सीओडीही पाहा, म्हणजे त्यातला माल मोडायला किती ऑक्सिजन लागतो ते. लिटरमध्ये सुमारे ५० ग्रॅम सेंद्रिय माल, ग्रॅममागे साधारण २ ग्रॅम ऑक्सिजन धरला तरी लिटरला १,००,००० मिलिग्रॅम होतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे, तेल आणि ग्रीसची १०. चारशे पटींचा फरक आहे हा. अ‍ॅडिटिव्ह वनस्पतीजन्य आहे की नाही याने तो भरून निघत नाही. संप किती दिवस टिकला आणि उपसलेलं पाणी किती सहज फुटलं, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं झालं, याने बराच भरून निघतो.

आता तुमच्या ग्राहकाच्या यादीकडे. चारही मागण्या रास्त आहेत, पण प्रत्येकीमागचं कारण वेगळं आहे आणि ते ठाऊक नसेल तर एक काढून दुसरं तितकंच वाईट घातलं जातं.

पाण्यात मुळात काही घालावं का लागतं ते आधी. उष्णता नेण्यात पाण्याला तोड नाही, त्याची उष्णता धरण्याची क्षमता तेलाच्या दुप्पट आणि वाहून नेण्याची सुमारे चौपट. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १८८० च्या दशकात टूलच्या टोकावर पाण्याची जाड धार सोडून कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवला. गंज धरू नये म्हणून त्यांनी पाण्यात सोडा विरघळवला होता. आपण आज जे ड्रममध्ये भरतो त्याचा पूर्वज तो सोडा. पाणी गंजवतं आणि घसरवत नाही, या दोन उणिवा भरून काढायला बाकीचं सगळं आलं. तिसरी उणीव, म्हणजे पाण्यात जीव वाढतो, ती पुढे येईलच.

डायइथेनॉलअमाइन, म्हणजे डीईए. पूर्वी गंजरोधक म्हणून सोडियम नायट्राइट सर्रास घालत. नायट्राइट आणि दुय्यम अमाइन (डीईए हे तसंच एक) एकत्र आले की नायट्रोसअमाइन तयार होतं, आणि त्यातलं एन-नायट्रोसोडायइथेनॉलअमाइन प्राण्यांमध्ये कर्करोग घडवतं. १९७० च्या दशकात ते कटिंग फ्लुइडमध्ये सापडलं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने धातुकामाच्या द्रवांतल्या काही अमाइन-क्षारांत नायट्राइट मिसळायला मनाई केली. जर्मनीत टीआरजीएस ६११ हा नियम नायट्राइट आणि दुय्यम अमाइन दोन्हींवर लगाम घालतो. तुम्ही म्हणाल, आम्ही नायट्राइट घालतच नाही. पण बोअरच्या पाण्यातल्या नायट्रेटपासून संपमधले जंतू नायट्राइट बनवतात. म्हणून डीईए काढणंच शहाणपणाचं.

आणि डीईए मागच्या दाराने येतं. हे मी मुद्दाम ताणून सांगतोय कारण या एका गोष्टीवर चांगल्या चांगल्या युनिटचे नमुने नापास झालेले मी पाहिलेत. ट्रायइथेनॉलअमाइन ८५ टक्क्यांच्या ग्रेडचं घेतलंत तर उरलेल्यात मुख्यतः डीईएच असतं. ९९ टक्क्यांचं घ्या आणि दर लॉटचा रिपोर्ट मागा. दुसरं, जुन्या फॉर्म्युल्यांत ‘अमाइड’ म्हणून जो घट्ट पिवळा द्रव असतो, तो बहुतेक वेळा एक भाग मेदाम्ल आणि दोन भाग डीईए असा शिजवलेला असतो. अर्धं डीईए त्यात मोकळंच राहतं. तो अमाइड एकाच वेळी गंजरोधक, इमल्सिफायर आणि थोडंफार वंगण अशी तीन कामं करतो, म्हणून काढला की फॉर्म्युला कोसळतो. त्याच्या जागी एकच पदार्थ शोधत बसू नका. तीन कामं तीन जणांना वाटून द्या.

क्लोरीन म्हणजे आपल्याकडचं सीपीडब्ल्यू, क्लोरिनेटेड पॅराफिन. १० ते १३ कार्बनच्या साखळीचं पॅराफिन २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि १४ ते १७ कार्बनचं, ठरावीक प्रमाणावर क्लोरीन असलेलं, २०२५ मध्ये. ही द्रव्यं निसर्गात मोडत नाहीत, प्राण्यांच्या चरबीत साठत जातात. भारत त्या करारात आहे. सीपीडब्ल्यू विकणाऱ्याला साखळीची लांबी विचारा, बहुतेकांना सांगता येत नाही. हा मार्ग संपत आलाय असं धरून चाला.

बोरिक आम्लाला युरोपात प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत केलंय आणि २०१० मध्ये ते अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत आलं. बोरॉनचं दुःख असं की ते फार चांगलं काम करत होतं: गंज थांबवायचं, पीएच सांभाळायचं आणि जंतूंनाही आवर घालायचं. ते काढलं की संप नासण्याचा धोका लगेच वाढतो. नेमक्या त्याच वेळी ग्राहक ट्रायझीन हे जंतुनाशकही काढायला सांगतो, कारण ट्रायझीन हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतं आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. म्हणजे तुमच्या हातून दोन्ही ढाली एकदम जातात. म्हणून बोरॉन आणि ट्रायझीन यांचा विचार एकत्रच करायचा.

ग्राहकाच्या पत्रात नसलेल्या दोन गोष्टी मी तुमच्या जागी असतो तर स्वतःहून काढल्या असत्या. एक, ‘एनपी ९.५’ नावाने मिळणारं नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट हे इमल्सिफायर. ते अर्धवट मोडून नॉनिलफिनॉल उरतं आणि ते माशांच्या हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतं. त्याच्या जागी फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेट किंवा एरंडेलाचं इथॉक्सिलेट आरामात बसतं. दुसरं ईडीटीए. पाण्याचा जडपणा बांधायला ते घालतात, पण ते सहजी मोडत नाही आणि धातूचे आयन सोबत धरून ईटीपीतून, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, पुढे निसटतं. एमजीडीए किंवा जीएलडीए ही मोडणारी पर्यायी द्रव्यं आता मिळतात.

आता एरंड. जगातल्या एरंडेलाचा बहुतांश भाग भारतात निघतो आणि त्यातला मोठा वाटा गुजरातेतून येतो, म्हणजे कच्चा माल तुमच्या दाराशी आहे. या तेलातल्या मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के एकटं रिसिनोलेइक आम्ल असतं. त्याच्या साखळीत बाराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट आहे, नेहमीच्या खाद्यतेलांत तो नसतो. सगळी गंमत त्या एका गटात आहे. त्याला सल्फ्युरिक आम्ल लावलं की टर्की रेड ऑईल होतं; कापड रंगवणाऱ्यांनी ते एकोणिसाव्या शतकापासून वापरलंय आणि आजही तो चांगला, स्वस्त इमल्सिफायर आहे. अल्कलीसोबत सुमारे २५० अंशांवर फोडलं तर दहा कार्बनचं सेबेसिक आम्ल मिळतं, जे बोरॉनच्या गंजरोधक कामाचा मोठा भाग उचलतं. आणि रिसिनोलेइक आम्ल स्वतःशीच जोडत नेलं तर एस्टोलाइड मिळतं, ज्यावर माझा क्लोरीनला पर्याय म्हणून सगळ्यात जास्त भरवसा आहे.

एस्टोलाइड तुमच्या युनिटमध्येही होऊ शकतं. नायट्रोजनखाली १८० ते २०० अंशांवर ढवळत ठेवायचं आणि सुटणारं पाणी व्हॅक्यूमने ओढत राहायचं. एका रेणूचा आम्लगट दुसऱ्याच्या हायड्रॉक्सिलला जोडला जातो. आम्लमूल्य, म्हणजे मोकळ्या आम्लाचं माप, १८० च्या घरातून उतरत जातं. चार रेणू जोडले गेले की हिशोबाने ते ४९ च्या आसपास येतं. मी साधारण तिथेच थांबतो. फार पुढे गेलं तर माल इतका घट्ट होतो की इमल्शनमध्ये बसवणं अवघड होतं, आणि आधी थांबवलं तर साबणासारखं वागतं, जड पाण्यात चिकटा करतं. इथेही एस्टर जोड आहेतच, मग ते करंजासारखे सुटत नाहीत का? सुटतात, पण फार हळू, कारण लांब, फांद्या असलेल्या साखळ्यांच्या गर्दीत अल्कलीला त्या जोडापर्यंत पोचायलाच जागा मिळत नाही. याच कारणाने ट्रायमिथायलॉलप्रोपेन ट्रायओलिएट साध्या तेलापेक्षा जास्त टिकतं. तुम्हाला वनस्पतीजन्य बेस हवाच असेल तर तो असा अडसर असलेला एस्टर असू द्या. आणि लिनोलेइकचं प्रमाण कमी पाहा. दोन दुहेरी बंध असलेलं मेदाम्ल एकाच बंधाच्या ओलेइकपेक्षा कितीतरी लवकर हवेने खराब होतं आणि मशीनच्या खिडक्यांवर चिकट पिवळा लेप चढतो.

सेबेसिकबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. २०२ ग्रॅम सेबेसिक आम्ल पूर्ण उदासीन करायला २९८ ग्रॅम ट्रायइथेनॉलअमाइन लागतं. पण ट्रायइथेनॉलअमाइन दुबळा अल्कली आहे, नुसत्या त्याच्या जोरावर पीएच ९ च्या वर टिकत नाही. सोबत थोडं मोनोइथेनॉलअमाइन घाला. ते फार घातलंत तर मात्र अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं आणि ऑपरेटरच्या हातांना त्रास होतो. ही मात्रा मी अजूनही प्रत्येक फॉर्म्युल्यात हाताने शोधतो, तिला ठरलेलं सूत्र नाही.

अ‍ॅडिटिव्ह घालताना एक चित्र डोळ्यांसमोर ठेवा. धातूचा पृष्ठभाग म्हणजे एसटीतली मोजकी आसनं. गंजरोधकाला तिथे बसायचंय, इमल्सिफायरलाही बसायचंय आणि वंगण देणाऱ्या एस्टोलाइडलाही. गंजरोधक वाढवला की टॅपिंगचा टॉर्क वाढतो, हे मी कित्येकदा पाहिलंय. म्हणून नवं घालण्याआधी जुनं काढून बघा. तुमचा ग्राहक बीड कापत असेल तर त्याला दाबाखाली काम करणाऱ्या अ‍ॅडिटिव्हची गरजच नाही. बिडातला ग्रॅफाइट स्वतः वंगणाचं काम करतो. तिथे हवं चांगलं गंजरोधन आणि चिप्स पटकन तळाशी बसणं. स्टेनलेस, टायटॅनियम किंवा खोल टॅपिंग असेल तरच एस्टोलाइडच्या जोडीला थोडं फॉस्फेट एस्टर लागतं. तेही जपून, कारण फॉस्फरस हे जंतूंचं आणि पुढे नदीत शेवाळाचं खत आहे. टोलिलट्रायझोल तांब्या-पितळेचं रक्षण करतं पण सहज मोडत नाही, म्हणून जिथे पितळ कापलं जातं तिथल्याच मालात घाला. सगळ्या ड्रममध्ये ‘असू दे’ म्हणून टाकू नका.

तेलच नको, पारदर्शक द्रव हवा असं ग्राहक म्हणाला तर पॉलिअल्किलीन ग्लायकॉल आहे. ते थंड पाण्यात विरघळतं आणि एका ठरावीक तापमानाच्या वर पाण्यातून बाहेर पडतं. टूलच्या गरम टोकाशी ते बाहेर येऊन थर धरतं, थंड झालं की परत विरघळतं. कल्पना फार सुंदर आहे, पण वापरलेल्या पाण्यातून ते वेगळं काढणं कठीण आणि रेणू जितका मोठा तितकं मोडायला अवघड. चाकणसारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येकाचं ईटीपी मोठं नसतं, तिथे मी त्याची फार शिफारस करत नाही.

आता जंतू. या कामातला खरा पेच इथे आहे. जे कूलंट नदीत सहज मोडावं असं आपल्याला वाटतं, ते संपमध्येही सहज मोडणार. जंतूला पाटी वाचता येत नाही. ओईसीडी ३०१ बी चाचणीत २८ दिवसांत ६० टक्के कार्बन डायऑक्साइड झाला तर पदार्थ सहज मोडणारा मानतात. हा आकडा तुमच्या अ‍ॅडिटिव्हने गाठावा असं मला वाटतंच. पण संपमध्ये त्याचे तेच २८ दिवस होऊ नयेत. यातून निघायची वाट परिस्थितीत आहे. संपमध्ये पीएच ९ ते ९.४ राखा, तिथे बहुतेक जंतूंची वाढ मंदावते. ईटीपीत पीएच ७ वर आला, हवा मिळाली, सरावलेले जंतू मिळाले की तेच द्रव्य मोडतं. ग्लिसरीन, साखरेपासून बनलेले सर्फॅक्टंट, लहान साखळीची आम्लं अशी सोपी खाद्यं टाळा. साखरेचे सर्फॅक्टंट कागदावर सगळ्यात हिरवे दिसतात आणि संप सगळ्यात लवकर तेच नासवतात. थोडं बीआयटी जातीचं जंतुनाशक लागलं तर मी ते घालतो आणि ग्राहकाला स्पष्ट सांगतो. त्याने काहींना त्वचेची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून मात्रा मोजून. ‘जंतुनाशकविरहित’ लिहून नंतर मेंटेनन्सच्या माणसाने डबाभर काहीतरी ओतावं, यापेक्षा हे बरं.

निम्मं जंतुनाशक तर स्किमर, म्हणजे वर तरंगणारं तेल काढणारं साधन, आहे. वरचा स्लाइडवे ऑईलचा थर रोज काढला आणि सुट्टीत दिवसातून दोनदा अर्धा तास पंप फिरवला तर वास बराच थांबतो. दिवाळीत चार-पाच दिवस शॉप बंद राहतं, त्याआधी पीएच तपासून ठेवायला ग्राहकाला आठवण करून द्या. माझे जुने ग्राहक दसऱ्याला मशीनची पूजा झाली की मला फोन करतात आणि त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे एक फेरी मारतो.

पाण्याबद्दल थोडं, कारण इथे बरेच जण अ‍ॅडिटिव्हला दोष देतात. समजा १००० लिटरच्या संपमधून रोज ५० लिटर पाण्याची वाफ होते आणि तुम्ही २०० पीपीएम जडपणाचं पाणी भरता. वाफ शुद्ध पाण्याची, जडपणा मागेच राहतो. रोज १० ग्रॅम, म्हणजे वीस कामाच्या दिवसांत आणखी २०० पीपीएम. जॉबसोबत थोडं बाहेर जातं, तरी दोन महिन्यांत तुमचं इमल्शन तुम्ही प्रयोगशाळेत कधीच तपासलं नसेल इतक्या जड पाण्यात उभं असतं. म्हणून चाचणी २०० वर करू नका, ६०० वर करा. आणि ग्राहकाला वरच्या भरणीसाठी आरओचं पाणी सुचवा. पहिल्या भरणीला मात्र तेच पाणी फार मऊ पडून फेस येतो. फेसावर सिलिकॉन घालायचा मोह होईल. पुढे ज्या जॉबला रंग लागणार आहे त्यावर सिलिकॉनमुळे खड्डे पडतात, तेव्हा आधी विचारा.

बेंचवरच्या चाचण्यांपैकी एकीवर माझं प्रेम आहे. पेट्री डिशमध्ये गोल फिल्टर पेपर, त्यावर २ ग्रॅम राखाडी बिडाच्या कोरड्या चिप्स, त्यांवर २ मिलिलिटर कूलंट, झाकण, दोन तास. डीआयएन ५१३६० ही तिची रीत. चिप्स आधी अ‍ॅसिटोनने धुवायच्या आणि बोट लावायचं नाही; घामाचा एक ठसा निकाल बदलतो. दोन तासांनी चिप्स झटकून कागद बघायचा. २ टक्क्यांवर तपकिरी नक्षी, ३ वर दोन-चार ठिपके, ४ वर कोरा कागद, अशी रांग मांडून ठेवली की गंजरोधकाची खरी ताकद दिसते. आणि हीच चाचणी ताज्या मालावर करून थांबू नका. बादलीत ५ लिटर मिश्रण घ्या, त्यात थोडं स्लाइडवे ऑईल, मूठभर चिप्स आणि एखाद्या नासलेल्या संपमधलं चमचाभर पाणी टाका, चार दिवस हवा सोडा, तीन दिवस बंद ठेवा, असं आठ आठवडे चालू द्या. दर आठवड्याला पीएच आणि हाच कागद. माझ्या करंजाच्या मालाला ही बादली दाखवली असती तर भोसरीतल्या त्या मुलाचे हात वाचले असते.

नॅनो कणांबद्दल विचारणा होते म्हणून दोन ओळी. ग्राफीन ऑक्साइड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड वगैरे पाण्यात घालून घर्षण कमी होतं हे खरं आहे. पण ते निकाल बहुधा शुद्ध पाण्यात, ताज्या नमुन्यावर असतात. फिल्टरमध्ये काय राहतं, जड पाण्यात कण एकत्र येतात का, कूलंटच्या धुक्यासोबत माणसाच्या फुप्फुसात काय जातं, याची उत्तरं हातात नसताना त्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझी तयारी नाही.

विल्हेवाटीची चाचणी पहिल्याच दिवशी करा. लिटरभर मिश्रण घ्या, आम्लाने पीएच ३ च्या खाली न्या किंवा तुरटी घाला आणि तासभर बघत बसा. साबणावर उभं असलेलं इमल्शन स्वच्छ फुटतं, वर तेल, खाली जवळपास नितळ पाणी. इथॉक्सिलेटवर उभं असलेलं दूध तसंच पांढरं राहतं. म्हणजे जड पाण्यात टिकायला इथॉक्सिलेट चांगलं आणि ईटीपीत फुटायला साबण चांगला. तुम्हाला दोघांमधली जागा शोधायची आहे. मी साबण आणि टर्की रेड ऑईलवर मुख्य भार टाकतो आणि इथॉक्सिलेट फक्त जडपणा सोसेल इतकंच ठेवतो. खालच्या पाण्याचा सीओडी काढून घ्या आणि डेटाशीटवर लिहा. हा आकडा देणारा पुरवठादार ग्राहकाच्या पर्यावरण विभागाला क्वचितच भेटतो.

तुमच्या ग्राहकाकडून आधी तीन गोष्टी मागून घ्या: २० लिटर भरणीचं पाणी, दोन किलो चिप्स आणि आत्ताच्या संपमधलं लिटरभर वापरलेलं कूलंट. थोडं पाणी वापरून चिप्स-कागदाची चाचणी आणि फुटण्याची चाचणी, उरलेल्यात दोन बादल्या. पहिल्या बादलीत तुमचा आत्ताचा माल फक्त डीईए आणि एनपी काढून, दुसरीत सेबेसिक आणि एस्टोलाइड घातलेला. करंजाचं तेल आणून ठेवलं असेल तर त्याचीही एक तिसरी बादली मांडा आणि पाचव्या आठवड्यात झाकण उघडून बघा.